हात गुंतलेले, कान मोकळे

मे महिना लागला की आमची आलापल्लीची गाडी तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या, पानांच्या वासानं भरून जाते. हिरवा, जरा तुरट वास. अंधार फिटायच्या आधी जंगलात गेलेल्या बाया उन्हं चढली की रस्त्याला लागतात, डोक्यावर पानांची गाठोडी, आणि गाडीला हात करतात. मारोतीभाऊ, म्हणजे आमचे ड्रायव्हर, "गाडी हाये का बैलबंडी हाये हे?" म्हणून कुरकुरतात आणि कुरकुरतच ब्रेक मारतात. मी कंडक्टर. गडचिरोली ते आलापल्ली आणि परत, एवढीच माझी दुनिया. घाम, गाठोडी, रडणारी लेकरं आणि खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणं. तरी मला हा महिना आवडतो. मारोतीभाऊ म्हणतात, बाई, तुमचं डोकं उन्हानं फिरलं. फिरू दे.

खिडकीतून गावं दिसत जातात. प्रत्येक अंगणात मांडवाची सावली, सावलीत पानांचा ढीग आणि ढिगाभोवती घरातली सगळी माणसं. पानं जुळवायची, मोजायची, सालीच्या दोरीनं आवळायची, की झाला एक पुडा. असे पुडे संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, न्यायचे. तिथं ठेकेदाराचा मुनशी ते तपासून घेतो. दिवसभर माना खाली आणि हात चालू. सगळे हातांकडे बघतात, मी बघते बोलतंय कोण ते. हल्ली बहुतेक अंगणांत पाण्याच्या गुंडीला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो आणि तोच बोलत असतो. आधी मला फार राग यायचा. मग वाटलं, काऊन राग? कान रिकामे राहू नयेत, एवढंच तर आहे. आमच्या वेळी मोबाईलच्या जागी मी होते.

त्याआधी माझ्या पिशवीबद्दल सांगते. तिकिटाच्या रोलसोबत तिच्यात एक पुस्तक असतं. आलापल्लीला गाडी थांबते तेवढ्यात मी चार पानं उरकते. हे लोकांना कळलं आणि झालं! मी गाडीतली सल्लागार होऊन बसले. पोलीस भरतीच्या मागे लागलेली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, भरतीचं सोडून काही सांगा ना जी." तिला मी एक लहानसं पुस्तक दिलं. एक माणूस आयुष्यभर विहीर खोदतो आणि पाणी लागत नाही, बस, एवढीच गोष्ट. दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं, ड्युटीवरून घरी गेल्यावर पाहण्यासारखं काय आहे, पण ज्यात दवाखाना नाही. तिला मी एक सिनेमा सांगितला. त्यात एक म्हातारी समुद्र पाहायला निघते आणि वाटेत तिला इतकी माणसं भेटतात की समुद्राचं राहूनच जातं.

तोच सिनेमा मी मारोतीभाऊंनाही सांगितला. ते सिरोंच्याकडचे, तेलुगू मारामारीवर वाढलेले. दुसऱ्या दिवशी गाडी काढता काढता म्हणाले, "बाई, पूर्ण पाह्यला. त्याच्यात कोणी कोणाले मारतच नाई."

"मंग बंद करून झोपायचं होतं."

"झोप कुठी येते? बुढी पोचते का नाई, हे पाहाले जागून राह्यलो ना!"

आता तो सिनेमा मारोतीभाऊ अख्ख्या डेपोला सांगत फिरतात, जसा काही यांनीच काढला.

नावं मी इथं लिहीत नाही. नाव कळलं की माणूस "हो हो, ऐकलंय" म्हणतो आणि वाचल्यासारखं करून मोकळा होतो. ज्याला हवं त्यानं गाडीत यावं, तिकीट काढावं, बाजूला बसावं. त्याचं तोंड पाहून सांगीन.

या वर्षी मात्र एका मेसेजनं माझी सल्लागारी पार उतरवली. मेसेज पल्लवीचा होता. पल्लवी म्हणजे माझी मामेबहीण वनिता, तिची मुलगी, राहतात घुग्घुसला. तिनं लिहिलं होतं, "मावशी, आईसाठी काहीतरी सांग ना. वाचायला, पाहायला, काहीही. ती कोणाशी बोलतच नाही."

वनिताचे मिस्टर, शंकरभाऊ, कोळसा खाणीत कामाला होते. होळी झाली आणि एक दिवस ते पाळीहून घरी आले, हातपाय धुतले, "जरा पडतो" म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले. उठले नाहीत. दुखणं नाही, खुपणं नाही. आम्ही सगळे धावत गेलो. वनितानं सगळ्यांच्या चहापाण्याचं पाहिलं, पाहुण्यांना चादरी दिल्या, सगळे विधी नीट पार पाडले. रडली मात्र नाही. "गेले" हा शब्दसुद्धा तिच्या तोंडून निघाला नाही. अजूनही शंकरभाऊंचे पाळीवरचे कपडे ती धुते, वाळवते, कोळशाची धूळ झटकून घडी घालून ठेवते. कोणी विषय काढला की म्हणते, "नळ आला वाटते," आणि उठून जाते. माझ्या बरोबरीची, माझ्याहून बडबडी बाई ती!

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. सूर्य उगवतोय, मागे बासरी वाजतेय आणि कोणीतरी गोड आवाजात सांगतंय की जो हसला तो जिंकला. असे व्हिडिओ रोज तिच्या मोबाईलवर. अरे, तिचा नवरा गेलाय, ती काही शर्यत हरली नाही! पण बोलून काय उपयोग, मीही तेच केलं. म्हातारीचा सिनेमा पाठवला. हसवणारं एक नाटक पाठवलं. थंडीत धान निघाल्यावर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, वनिता त्यांची भारी वेडी. विहिरीचं पुस्तक पल्लवीकडे पाठवून दिलं. पल्लवीचा निरोप आला, "आई समोर धरते मावशी, पाहत नाही. पान उलटतच नाही."

त्या आठवड्यात मी गाडीत कोणालाच काही सुचवलं नाही. सिस्टरनं विचारलं तर सरळ म्हटलं, "आता मले काहीच समजत नाई, बाई." आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर अंगणं जात होती, पानांचे ढीग जात होते. त्यातल्या एका ढिगापाशी मला मामी, वनिताची आई, दिसली. म्हणजे मामी नव्हती ती. मामीला जाऊन बरीच वर्षं झाली. पाठ तशीच होती.

बारावीची परीक्षा देऊन मी मामाच्या गावी गेले होते, आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलाला टेकलेलं गाव. निकाल लागायचा होता, डोकं रिकामं होतं. वनिता होतीच. पहाटे आम्ही सगळ्या घोळक्यानं जंगलात जायचो. एकमेकींना मोठमोठ्यानं हाका मारत पानं तोडायची, कारण वाघाला आपला आवाज आधी गेलेला बरा. ऊन तापायच्या आत परत. मग मांडवात बसून पुडे. मी शहरातून आलेली, माझे पुडे सैल व्हायचे. फळीवर मुनशी ते नुसता उचलायचा आणि पानं फुलासारखी गळून पडायची. सगळे हसायचे. दोन दिवस मामीनं सहन केलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातली दोरी काढून घेतली.

"तू राहू दे व. तुह्या पिशवीत ते पुस्तक हाये ना? ते वाच मोठ्यानं."

"पण मामी, तुम्ही तर कामात."

"हात गुंतले हाये. कान तं मोकळे हाये ना?"

मामीला अक्षरओळख नव्हती. पण गोष्टीतलं तिला जे कळायचं, ते आमच्या मास्तरांनाही कळलं नसेल. ते पुस्तक एका नावाडणीचं होतं. गजरा तिचं नाव. नवरा परागंदा, घाट तिच्या एकटीवर, आणि अख्खं गाव तिच्या नावेतून इकडून तिकडे जातं-येतं. पुस्तकात नदीचं वर्णन फार होतं. पाणी असं, वाळू तशी, बगळे अमुक. मला कंटाळा आला. मी दीड पान उडवलं आणि गजराला एकदम घरी आणलं. मामीचा हात थांबला.

"थांब व. आता तं ती नावेत होती. घरी कशी पोचली? उडून आली का?"

"मधात नुसतं नदीचं वर्णन आहे, मामी."

"मंग? नदी ओलांडल्याबिगर घर येते का? गाळू नको. लिवणारा येडा होता का?"

वनिता पानांत तोंड लपवून हसत होती. मी मागे गेले आणि बगळ्यांसकट सगळी नदी वाचली. खोटं नाही सांगत, मोठ्यानं वाचली तेव्हाच ती नदी मला दिसली.

दोन दिवसांत आमच्या मांडवात आजूबाजूच्या बाया आपापली पानं घेऊन येऊन बसायला लागल्या. गजरा पुरात अडकली त्या दिवशी तर कोणाचीच मोजणी धड झाली नाही. संध्याकाळी मुनशी पुडे हातात घेऊन म्हणाला, "आज काऊन एवढे जाड हाये?" मामी म्हणाली, "पूर आला होता." मुनशी आभाळाकडे पाहतच राहिला.

मग मामीनं मला घरोघर पाठवायला सुरुवात केली. गावच्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं मास्तरांनी सुटीत वाचायला दिली होती. त्यांचा थोडा थोडा भाग मी मामीला ऐकवायची आणि कुठलं कुठे वाचायचं ते मामी ठरवायची. "कुंदाच्या घरी ते हसण्याचं वाचजो. तिची सासू येऊन बसली हाये, तिले गरज हाये." मी म्हटलं, मामी, पण पुस्तक चांगलं कुठलं? मामी म्हणाली, "पुस्तक पाहून कायले सांगाव? माणूस पाहून सांगाव." आज गाडीत मी जी मिजास मारते ना, तोंड पाहून सांगीन म्हणून, ती मामीची आहे.

फक्त एका घरासाठी मामीकडे पुस्तक नव्हतं. ते सीताबाईचं घर. तिचा मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच तापानं गेला. निरोप आला तोवर तिकडच्या लोकांनी सगळं उरकलंही होतं. सीताबाईला त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. गाव तिच्याकडे बसायला गेलं तर ही बाई अंगण सारवत होती. रडली नाही ती नाहीच. "तिच्याकडे काय वाचू?" मी विचारलं. मामीनं हातातला पुडा आवळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "काहीच नको. नुसती पानं बांधाले बसजो तिच्यापाशी." मी बसत असे. माझे सैल पुडे सीताबाई न बोलता सोडायची आणि पुन्हा आवळायची.

आणि मग गजरा मेली. कशी मेली ते पुढे मी साफ विसरले. लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. मांडवात सगळ्या मुसमुसत होत्या. एक बाई मुनशीकडे गेली होती, तिचं ऐकायचं राहिलं. ती परतताना वनितानं कुंपणावरूनच ओरडून सांगितलं, "गजरा गेली व, मावशे! गेली बिचारी!" तेवढ्यात रस्त्यानं पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीतली, दोन माणसं चालली होती. त्यांनी पाहिलं, मांडवात दहा बाया डोळे पुसतायत. त्यांनी जाऊन सांगितलं की अमक्याच्या घरी कोणी गजरा नावाची पाहुणी वारली.

उन्हं उतरायच्या आत चार बाया पदर डोक्यावर घेऊन दारात. हातात भाताची गुंडी, वरणाचं भांडं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं कडू घास न्यायचा, ही आमची रीत. मी वनिताकडे पाहिलं, वनितानं माझ्याकडे. आता चांगलाच मार बसतो असं वाटलं. मामीनं त्यांना पाणी दिलं. मग सरळ सांगून टाकलं, "बाई हो, गजरा पुस्तकातली होती."

कोणी हसलं नाही. एकीनं भांडं उचलायला हात पुढे केला, तर मामी म्हणाली, "आणलं तं वापस कायले नेता? बसा."

त्या चौघींत सीताबाई होती. स्वतःच्या घरी कोणाला तिनं डोळ्यात पाणी दाखवलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरी मयत म्हटल्यावर ती वरण घेऊन आली होती. ती माझ्यासमोर येऊन बसली. "पुस्तकातली का असंना," म्हणाली, "कशी गेली थे तं सांग. लोकं विचारतीन." मी पुस्तक उघडलं आणि पुन्हा वाचलं. मधेच कधीतरी सीताबाईनं पदर तोंडाला लावला. आधी हळू, मग मांडव हलेल इतकं मोठ्यानं रडली. नाव गजराचं नव्हतं तिच्या तोंडी. मुलाचं होतं. मामी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि मला खुणेनं सांगत राहिली, वाच, थांबू नको. नंतर सगळ्यांनी मिळून तो वरणभात खाल्ला.

मला त्या वयात वाटलं होतं, बापा, केवढी ताकद या पुस्तकात! मामीला विचारलं तर ती म्हणाली, "पुस्तकाचं काय व. दुसऱ्याच्या घरी रडाले सोपं जाते."

आलापल्लीला गाडी लागली तेव्हा मारोतीभाऊ म्हणाले, "बाई, उतरा आता, गाव आलं." मी उतरले आणि डेपोला फोन करून सुटी मागितली.

गजराचं पुस्तक गडचिरोलीच्या वाचनालयात मागच्या कपाटात सापडलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. ते घेतलं आणि मामाच्या झाडाची पोतंभर चिंच घेतली. तेंदूची पानं घुग्घुसला कुठून नेणार? पण हात गुंतायला चिंचही चालते. मारोतीभाऊंनी पोतं चंद्रपूरच्या गाडीत चढवून दिलं आणि विचारलं, "पण बाई, जिच्या घरी मयत झालं तिले मयताचं पुस्तक? मी तं मारामारीचा सिनेमा दिला असता." मी पिशवी सावरून गाडीत चढले. चंद्रपूरपर्यंत डोक्यात एकच. चुकलं तर? बहीण होती ती माझी, मारोतीभाऊंसारखं दुसऱ्या दिवशी हसून सांगायला थोडीच येणार होती!

घुग्घुसला दुपार कोळशाची असते. झाडांची पानंसुद्धा काळी. क्वार्टरच्या दोरीवर शंकरभाऊंचा निळा शर्ट वाळत होता, बाह्या खाली लोंबत होत्या. मी तो न पाहिल्यासारखं केलं. पोतं व्हरांड्यात ओतलं आणि वनिताला म्हटलं, "चिंच खराब होऊन राह्यली, फोड." तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि बसली. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका वेगळा टाकायचा. हातांना सांगावं लागत नाही. मी भिंतीला टेकून पुस्तक उघडलं आणि नुसती वाचत सुटले, कसली प्रस्तावना न करता.

पहिला दिवस गेला. वनिता चिंच फोडत राहिली. पण मी पाणी प्यायला थांबले तेव्हा तिचेही हात थांबलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी येऊन चिंचेपाशी बसली. पूर आला तेव्हा तिनं चिंचोके गराच्या टोपल्यात टाकले आणि गर चिंचोक्यांत. पल्लवी दारातून पाहत होती, मी तिला डोळ्यानं गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या पानावर आले आणि थांबले. गजरा मेली होती एवढंच मला आठवत होतं. कशी, ते आता समोर होतं. शेवटची खेप. ती नाव काठाला लावते, एकेकाला हात देऊन उतरवते. हातपाय धुते. "जरा पडते" म्हणते आणि नावेतच आडवी होते. उठत नाही.

हे मी शंकरभाऊंच्या बायकोला वाचून दाखवू? माझ्या हातून नाही झालं ते. मी पान उलटलं आणि पुढच्या ओळीपासून सुरू केलं, की सकाळी घाटावर सगळा गाव जमला होता.

"थांब व," वनिता म्हणाली.

तीन दिवसांतला तिचा पहिला शब्द. मान खालीच होती, आवाज मात्र थेट मामीचा.

"आता तं ती नावेत होती. गाव काऊन जमला?"

"मधात," मी म्हटलं, "नुसतं नदीचं वर्णन आहे व."

"गाळू नको."

मी पान मागे उलटलं. वाचलं. एकही ओळ न गाळता वाचलं. नाव काठाला लागली, माणसं उतरली, तिनं हातपाय धुतले. वनिताच्या मुठीत एक अख्खी चिंच होती. तिनं ती इतकी आवळली की टरफल कडकड मोडलं. "जरा पडते," मी वाचलं. वनितानं तोंड उघडलं आणि आतून जे निघालं त्याला मी रडणंसुद्धा म्हणणार नाही. किती दिवसांचं अडलेलं होतं कोणास ठाऊक. मी थांबले नाही. मामीनं तेव्हा खुणेनं सांगितलं होतं तसं वाचत राहिले, ओळी दिसत नव्हत्या तरी.

पल्लवी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन तशीच धावत आली. "आई! काय झालं? आई?"

वनितानं तिचा हात धरून तिला खाली ओढलं, चिंचेच्या टरफलांत.

"तुझे बाबा गेले व, पल्लवी."

पल्लवीनं कप बाजूला ठेवला आणि आईचं चिंचेनं माखलेलं बोट न् बोट आपल्या हातात घेतलं.

"हो आई," ती म्हणाली, "गेले."